डोंगरातला धनेश आणि बेटावरची पाकोळी

सहल म्हटली की आपल्या गावाकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येते? पंढरपूर, जोतिबा, गाणगापूर, फार तर एखादे कृषी प्रदर्शन. नुसती पाखरे बघायला कोणी घरची कामे टाकून तीन दिवस बाहेर पडेल, असे सांगितले तर तुम्ही हसाल. आमच्या मंडळींनाही आधी हसूच आले. "साहेब, पाखरं आमच्या शाळूवर काय कमी बसत्यात, ती बघायला कोकणात जायचं?" असे एकाने मला तोंडावर विचारले.

तरीही गेल्या मार्च महिन्यात गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावची नऊ माणसे माझ्याबरोबर निघाली. पाच पुरुष, तीन बायका आणि नववीतली एक मुलगी. ऊस कारखान्याला गेला होता, शाळू मळून झाला होता, हाताला थोडी उसंत होती. आधी आंबोलीचे जंगल, मग घाट उतरून सावंतवाडीकडची एक वाडी आणि शेवटी वेंगुर्ल्याजवळची समुद्रातली बेटे, असा बेत होता. या प्रवासात जे पाहिले ते तर तुम्हाला सांगायचे आहेच, पण त्याबरोबर माझी स्वतःची एक जुनी चूकही सांगायची आहे. ती इतकी वर्षे मी कोणाला सांगितली नव्हती.

आपल्या पाण्याचे माहेर

आजरा मागे टाकला की रस्ता चढू लागतो आणि हवा बदलते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी धारेवर आहे. येथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे पडलेले सगळे पाणी जागच्या जागी साठले, तर दुमजली घर बुडेल. गडहिंग्लजला जेमतेम हजार मिलिमीटर पाऊस. मग आपल्या उसाला पाणी कोठून येते?

याचे उत्तर आंबोलीच्या जंगलात एका गुहेतून झरताना दिसते. हिरण्यकेशी नदी येथे उगम पावते. तीच पुढे आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत जाऊन घटप्रभेला मिळते. आमच्यातल्या एका आजींनी उगमाच्या कुंडातले पाणी ओंजळीत घेतले आणि म्हणाल्या, "आयुष्यभर हिचं पाणी प्याले, पर हिचं माहेर आजच बघितलं." माझ्या मते त्या एका वाक्यात सहलीचे पैसे फिटले.

हे पाणी मार्चमध्येही कसे टिकते, हे तुम्हाला सांगायला हवे. येथले जंगल अंजनी, जांभूळ अशा सदाहरित झाडांचे आहे. मार्चमध्ये अंजनीला निळा फुलोरा येतो आणि सगळी फांदी निळी दिसते. या झाडांखाली पाचोळ्याचा जाड थर असतो. पावसाचा थेंब आधी पानावर, मग पाचोळ्यावर पडतो आणि सावकाश जमिनीत मुरतो. आपण उसात पाचट न जाळता ठेवतो, तेव्हा जमिनीत जी ओल टिकते, तेच काम येथे डोंगरभर चालू असते. डोंगर उघडा झाला की तेच पाणी चार महिन्यांत माती घेऊन धावत सुटते आणि पुढचे आठ महिने नदी कोरडी पडते.

याच हिरण्यकेशीच्या कुंडात बोटाएवढा एक मासा राहतो. शास्त्रज्ञांनी २०२० साली त्याची नवीन जात म्हणून नोंद केली आणि नदीचेच नाव त्याला दिले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीच्या कातळावर एक लहान भेकही आढळतो. अंगावर वाघासारखे पट्टे असल्याने २००९ साली त्याला शास्त्रीय नाव देताना वाघाचीच आठवण ठेवली गेली. एवढेसे जीव, पण आपल्या घराजवळची ही संपत्ती दूरदेशीचे अभ्यासक मोलाची मानतात.

पाखरू कसे बघावे

आमचा वाटाड्या म्हणजे तिथलाच पंचविशीतला मुलगा. त्याने पहिल्याच सकाळी सहा वाजता सगळ्यांना उठवले आणि तीन नियम सांगितले. भडक रंगाचे कपडे नकोत. बोलायचे झाले तर कानात बोलायचे. आणि घरटे दिसले तरी जवळ जायचे नाही. मोबाईलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावणे हाही त्याच्या मते अपराध. "तुमच्या दारात कोणी रोज खोटी हाक मारली, तर तुम्ही काम सोडून किती वेळा बाहेर याल?" असे त्याने विचारले. विणीच्या दिवसांत पाखराचा असा वेळ फुकट गेला, तर पिलांना चारा कमी पडतो.

दुर्बीण महागाचीच लागते असे नाही. दुर्बिणीवर ८ × ४० असे आकडे असतात. पहिल्या आकड्याचा अर्थ वस्तू आठपट जवळ दिसते आणि दुसऱ्याचा अर्थ पुढच्या भिंगाची रुंदी चाळीस मिलिमीटर आहे. नवशिक्याला एवढी पुरे. आधी नुसत्या डोळ्यांनी पाखरू हेरावे, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी न्यावी. आमच्या नववीतल्या मुलीला हे पाच मिनिटांत जमले. मला तिने दोनदा शिकवले.

त्या सकाळी आम्ही काय पाहिले? लाल छातीचा, फांदीवर मूर्तीसारखा बसून राहणारा कर्णा. निखाऱ्यासारखा लाल नर आणि हळदीसारखी पिवळी मादी असलेली निखारांची जोडी. शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना पिसांचे झुबके असलेला भृंगराज. तो इतर पाखरांच्या आवाजाच्या इतक्या हुबेहूब नकला करतो, की वाटाड्याही एकदा फसला. वर शेंड्यातून एक शेकरू उडी मारून गेले. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट. हा आपल्या राज्याचा प्राणी. परत येताना मऊ मातीत गव्याचे खूर उमटलेले दिसले आणि वाद सुरू झाला.

"साहेब, हा गवा माझा अर्धा एकर ऊस खाऊन गेला. त्यालाबी राखायचं का?" एकाने विचारले. प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. मी त्यांना सांगितले तेच तुम्हालाही सांगतो. नुकसान झाले की त्याच दिवशी वनखात्याला कळवा, पंचनामा होईपर्यंत पीक हलवू नका, फोटो काढून ठेवा. भरपाई पुरेशी नसते आणि वेळेवरही मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपण अर्जच न केल्यास नुकसान झाल्याची नोंदही होत नाही.

कोंडून घेणारी आई

दुसऱ्या दिवशी घाट उतरून आम्ही एका वाडीत गेलो. तेथे सत्तरीचे एक शेतकरी राहतात. त्यांच्या घरामागच्या उतारावर बेहड्याचे एक भले मोठे जुने झाड आहे. खोडात तीन पुरुष उंचीवर एक ढोली आहे. आम्ही झुडपांच्या आड गुपचूप बसलो.

अर्ध्या तासाने वाऱ्याने पडदा फडफडावा तसा आवाज झाला आणि काळा-पांढरा, घारीपेक्षा मोठा पक्षी झाडावर उतरला. मोठी बाकदार पिवळी चोच आणि तिच्यावर शिंगासारखा उंचवटा. हा कवड्या धनेश. आपल्याकडे धनेशाला शिंगचोच्याही म्हणतात. तो ढोलीजवळ खोडाला चिकटला. ढोलीचे तोंड लिंपलेले होते, फक्त बोटभर फट होती. त्याने गळ्यातून एक फळ वर काढले आणि फटीतून आत दिले. आतून एका चोचीने ते घेतले. मग दुसरे, तिसरे. वडाची एकोणीस फळे आमच्या मुलीने मोजली.

हा काय प्रकार, ते ऐका. विणीच्या वेळी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा, माती, फळांचा चोथा यांनी तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. म्हणजे साप, मुंगूस यांचे भय नको. आत अंडी घालते आणि त्याच वेळी आपली पंखांची पिसे झाडून टाकते. अडीच-तीन महिने ती आतच राहते. नवी पिसे येईपर्यंत तिला उडता येत नाही. या साऱ्या काळात तिचा आणि पिलांचा जीव बाहेरच्या नरावर. त्याने आणले तर खायचे, नाही तर उपाशी. तो मारला गेला, तर आतले सगळेच मरतात.

आमच्यातल्या एका वहिनी हळूच म्हणाल्या, "बाळंतिणीची खोलीच की ही. आन् नवरा बघा, एकबी खेप चुकवत न्हाई." बायका हसल्या, पुरुष गप्प बसले.

धनेशाला नवी ढोली कोरता येत नाही. सुतार पक्ष्यासारखी त्याची चोच नसते. त्याला आयती ढोली हवी, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली शंभर वर्षांच्या झाडातच मिळते. जोडी वर्षानुवर्षे त्याच ढोलीत परत येते. खाल्लेल्या फळांच्या बिया तो दूरदूर टाकतो. वड, उंबर, काजरा, जांभूळ अशी कित्येक झाडे त्याच्यामुळे रानात पसरतात. जुने झाड धनेशाला घर देते आणि धनेश नवे रान लावतो, असा हा व्यवहार आहे.

मी त्या आजोबांना विचारले, "हे झाड विकायला कोणी मागितले नाही?"

ते म्हणाले, "मागितल्यानी तर! व्यापाऱ्याक अख्खो उतार एकदम व्हयो होतो. घरावरची कौला बदलूची होती, पैसे माका व्हये होते, नाय म्हणणय नाय. बाकीची झाडा दिलंय. ह्यां तेवढां ठेवलंय. आत बाईल कोंडलेली, पोरां पोटाशी. अशा घराक कुऱ्हाड कशी लावतलंय मी?"

झाड ठेवले म्हणून व्यापाऱ्याने भाव पाडला. आजोबांनी तो सोसला आणि कौले दोन वर्षांत थोडी थोडी करून बदलली. आता त्यांच्याकडे पाखरे बघायला येणाऱ्यांना सूनबाई जेवण देतात. आम्हालाही तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सोलकढी मिळाली. विणीच्या दिवसांत त्यातून चार पैसे येतात. मात्र यावर घर चालते असे मी म्हणणार नाही. आजोबांनी झाड राखले तेव्हा पाहुणे येतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

माझ्या हातून घडलेली चूक

त्या झाडाखाली बसून मला जे आठवत होते, ते आता सांगतो.

१९९६ साल. मी कोकणात नवा नवा रुजू झालो होतो. फळबाग लागवडीचे दिवस होते. योजना उत्तम होती, आजही शेकडो कुटुंबे तिच्या काजू-आंब्यावर उभी आहेत. माझ्या अंगात उत्साह होता आणि हातात पदवी होती. एका शेतकऱ्याच्या उतारावर वेंगुर्ला-४ जातीच्या काजूची लागवड आखायला मी गेलो. सात बाय सात मीटरवर खुणा केल्या. मध्ये एक जुनी, पोकळ सातवीण येत होती. शेतकरी म्हणाला, "ह्यां ऱ्हवांदे काय?" मी म्हटले, "पोकळ झाड, ना लाकूड ना फळ. सावली करून चार कलमे वाया घालवील. काढून टाका."

माझ्या शब्दाखातर त्याने एप्रिलमध्ये झाड पाडले.

दुसऱ्या दिवशी तो टोपली घेऊन माझ्याकडे आला. टोपलीत धनेशाची मादी होती, पंखांना पिसे नसलेली. दोन पिले झाड पडतानाच गेली होती. मादीला मी केळे दिले, पपई दिली. तिने चोच उघडली नाही. तिसऱ्या दिवशी ती मेली. तो शेतकरी मला काही बोलला नाही. पुढे एकदा एवढेच म्हणाला, की नर चार दिवस येत होता. तोंडात फळ घेऊन झाड होते तिथे घिरट्या घालायचा आणि मग शेजारच्या आंब्यावर बसून राहायचा.

मी कृषी पदवीधर. पीक कळत होते, कीड कळत होती. ढोलीत काय असते ते बघायला मला कोणी अडवले नव्हते, मी बघितले नाही. हिशेबही माझा चुकला होता. सात बाय सात मीटरवर हेक्टरी सुमारे दोनशे काजू बसतात. ती सातवीण राखली असती, तर फार तर चार कलमे कमी झाली असती. दोनशेंत चार! आखणी थोडी सरकवली असती, तर तीही नाहीत. शेतकऱ्याने विचारले होते तेव्हा त्याला उत्तर ठाऊक होते. ते त्याने साहेबाच्या तोंडून ऐकायला हवे होते.

बेटाकडे

तिसऱ्या दिवशी आम्ही निवतीच्या किनाऱ्यावर गेलो. येथून समोर समुद्रात खडकाळ बेटे दिसतात. नकाशात त्यांचे नाव वेंगुर्ला रॉक्स. एका बेटावर दीपगृह आहे. घाटावरच्या माणसाला होडी म्हणजे मोठीच परीक्षा. तिघांना उलट्या झाल्या, आमच्या आजी मात्र शेवटपर्यंत ताठ बसल्या होत्या. वाटेत डॉल्फिनची पाठ दोन-तीनदा पाण्यावर आली. वरून पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड संथपणे गेला.

एका बेटाच्या कड्यात गुहा आहे आणि त्या गुहेत पाकोळ्या राहतात. चिमणीएवढा, तपकिरी, कोयत्यासारख्या पंखांचा हा पक्षी फांदीवर बसू शकत नाही. त्याचे पाय फक्त खडकाला लोंबकळण्यापुरते असतात. दिवसभर तो हवेतच उडते किडे पकडून खातो. काळोख्या गुहेत शिरताना तोंडाने टिकटिक आवाज काढतो आणि खडकावरून आलेल्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखतो. घरटे बांधायला त्याला काडी-कचरा फार मिळत नाही. म्हणून तो स्वतःची लाळ खडकाला लावतो, तीत थोडे गवत आणि पिसे मिसळतो आणि त्याची लहानशी वाटी तयार करतो. त्या वाटीत दोन पांढरी अंडी.

आणि तीच लाळ त्याच्या जिवावर उठली. परदेशात पाकोळीच्या घरट्यांचे सूप करून पितात आणि त्याला मोठी किंमत देतात. त्या लोभाने चोरटे लोक गुहेत चढून घरटी काढत. घरट्यातल्या अंड्या-पिलांचे काय होत असेल ते सांगायला नको. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २००१ साली ही चोरी उघडकीला आणली आणि वनखात्याच्या मदतीने तिला आळा घातला. याच संस्थेने पुढे २००२ पासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केले.

आम्ही गुहेत गेलो नाही. होडी दूर उभी केली आणि पाहिले. गुहेच्या तोंडातून पाकोळ्या बाणासारख्या बाहेर येत होत्या, आत जात होत्या. आमची मुलगी म्हणाली, "काका, धनेशाची आई दार लावून घेते. हिला तर दारच नाही." मला उत्तर सुचले नाही. होडीवाला म्हणाला, "दार म्हणजे आम्हीच." आता त्या बाजूला अनोळखी होडी दिसली की मच्छीमार एकमेकांना कळवतात, असे त्याने सांगितले.

आता तुम्ही काय कराल?

वाचकहो, तुम्ही आंबोलीला किंवा निवतीला जालच असे नाही. पण तुमच्या बांधावर, गावाच्या देवराईत, घरामागच्या परड्यात जुने झाड असेलच. म्हणून चार गोष्टी सांगतो.

१. फेब्रुवारी ते जून या काळात कोणतेही जुने झाड तोडू नका. तोडायचेच झाले, तर आधी आठ दिवस सकाळी अर्धा तास त्याच्याकडे पाहा. ढोलीत ये-जा आहे का, बुंध्याशी फळांच्या बिया किंवा विष्ठेचा ढीग पडला आहे का, हे तपासा. तसे असेल तर झाडाला हात लावू नका. धनेशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. झाडे तोडण्याविषयीही कायदा आहे, तेव्हा परवानगीची चौकशी आधी वनखात्यात करा.

२. व्यापाऱ्याला उतार एकगठ्ठा विकू नका. झाडे मोजून, खूण करून द्या. वड, उंबर, पिंपळ आणि ढोलीची झाडे व्यवहारातून लेखी वगळा.

३. फळबाग आखताना जुने झाड मध्ये आले, तर आखणी सरकवा. माझ्यासारखा एखादा साहेब "काढा" म्हणाला, तरी त्याला हे पान दाखवा.

४. ढोली फक्त धनेशालाच लागते असे नाही. उंदीर मारणारे गव्हाणी घुबड आणि पिंगळा यांनाही ती लागते. शाळू-गव्हाची राखण ते रात्री फुकट करतात.

सहलीला जाणार असाल, तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. पावसाळ्यात आंबोलीत बेडूक-सापांची मौज असते, पण बेटांकडे जाणारी होडी तेव्हा बंद असते. बरोबर स्थानिक वाटाड्या घ्या आणि बेटाकडे निघण्याआधी परवानगीची चौकशी करा. राहणे-जेवण गावातल्याच घरी करा, म्हणजे तुमचा पैसा रान राखणाऱ्याच्या हाती पडेल.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी, ज्या गड्याने "पाखरं काय कमी बसत्यात" असे विचारले होते, तो मला बाजारात भेटला. त्याच्या बांधावर एक जुनी, पोकळ चिंच आहे. विहिरीवर सावली पडते म्हणून यंदा ती काढायचे त्याने ठरवले होते. मी विचारले, "काय झाले चिंचेचे?"

तो म्हणाला, "रोज सकाळी बघतोय साहेब. पिंगळ्याची जोडी हाय आत. ऱ्हाऊ दे म्हटलं."